अभ्यासक्रम शिकवायचा की परीक्षा?

(मंडळाच्या गणेशोत्सवात पालक आणि शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गणपती म्हणजे चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती. या चौदा विद्यांपैकी प्लस टूच्या पेपरात किती विचारतात, असा प्रश्न आजच्या पालकाला पडला तर नवल नाही. जे पेपरात येत नाही ते शिकून काय उपयोग, असे आपण सगळेच घरात कधी ना कधी बोलतो. म्हणूनच कार्यकारिणीने मला हा विषय दिला असावा. अभ्यासक्रमात जे आहे ते शिकवायचे, की परीक्षेत जे येते तेवढेच? मी पेशाने शिक्षिका आहे. तेव्हा उपदेश करण्यापेक्षा आपल्या या राज्यात प्रत्यक्ष काय घडले ते सांगते. निष्कर्ष तुम्ही काढा.

आपल्यात विटा, खानापूर, आटपाडी भागातून गलाईच्या व्यवसायासाठी आलेली कुटुंबे आहेत. त्यांच्या दुकानातला एक दगड मला हा विषय समजवायला फार उपयोगी पडतो. तो म्हणजे कसोटी. दागिन्याचा एक कोपरा त्या काळ्या दगडावर घासतात, उमटलेल्या रेघेवर तेजाब लावतात आणि रेघ किती टिकते त्यावरून सोन्याचा कस सांगतात. घासला जातो फक्त एक कोपरा, पण निर्णय होतो सगळ्या दागिन्याचा. का? तर जे सोने कोपऱ्यात आहे तेच आतही आहे, असा आपला विश्वास असतो.

आता समजा, नेमका कोणता कोपरा घासणार हे दागिना करणाऱ्याला आधीच ठाऊक आहे. त्याने तेवढ्याच कोपऱ्याला चांगले सोने लावले आणि आत तांबे भरले. दगड खोटे बोलला नाही, तेजाबही खोटे बोलले नाही, पण गिऱ्हाईक फसले. म्हणून तर जाणकार गलाईवाला संशय आला की दागिना मुशीत घालून आटवतो.

परीक्षा ही अशीच कसोटी आहे. वर्षभराच्या अभ्यासक्रमातून तीन तासांत विचारता येतील असे मोजके प्रश्न निवडायचे आणि त्यावरून मुलाला एकूण किती येते याचा अंदाज करायचा. अंदाज खरा ठरतो तो एका अटीवर. जे विचारले नाही तेही शिकवलेले असले पाहिजे. विचारणार तेवढेच शिकवले, तर ९५ टक्के हा आकडा कागदावर राहतो, पण त्याचा अर्थ निघून जातो.

अभ्यासक्रम म्हणजे पुस्तकातली प्रकरणांची यादी, असा समज आहे. खरे तर अमुक इयत्तेच्या शेवटी मुलाला काय कळले पाहिजे आणि काय करता आले पाहिजे, याचे ते ठरवलेले माप आहे. एनसीईआरटीने २०१७ मध्ये प्राथमिक इयत्तांसाठी अशी मापे विषयवार मांडली. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना ती 'अध्ययन निष्पत्ती' या नावाने परिचित आहेत.

माप आणि पेपर यांत फरक कसा पडतो ते पाहा. शतमान हा धडा घ्या. पुस्तकातल्या स्वाध्यायाची गणिते दहा-दहा वेळा सोडवलेल्या मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळतात. त्याच मुलाला आईच्या बांगडीवरचा ९१६ हा आकडा दाखवा आणि विचारा, हा कुठून आला? शुद्ध सोने २४ कॅरेट, दागिना २२ कॅरेटचा. बावीस भागिले चोवीस, म्हणजे ०.९१६. हजारातले ९१६ भाग सोने. शतमान ज्याला कळले त्याला हे एका मिनिटात सुचते. ज्याने शतमानाचा पेपर पाठ केला, तो 'हे सिलॅबसमध्ये नाही' म्हणतो. वस्तुतः आहे ते सिलॅबसमध्येच. नाही ते फक्त पेपरात.

हा रोग आजचा नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो या मंत्र्याच्या पुढाकाराने निकालाप्रमाणे अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. इन्स्पेक्टर यायचा, वाचन, लेखन आणि अंकगणित तपासायचा आणि किती मुले उतरली त्यावर शाळेला पैसे मिळायचे. परिणाम असा झाला की ज्याला पैसे नाहीत ते विषय मागे पडले आणि मुले वाचनाचे पुस्तकच पाठ करू लागली. कवी मॅथ्यू आर्नल्ड तेव्हा स्वतः शाळा-इन्स्पेक्टर होते. त्यांनी आपल्या अहवालांतून या पद्धतीवर सडकून टीका केली. तरीही ती समुद्र ओलांडून आपल्या मद्रास इलाख्यातही आली. अखेर १९०४ च्या शैक्षणिक ठरावात लॉर्ड कर्झनच्या सरकारलाही मान्य करावे लागले, की परीक्षांचे स्तोम माजून शिकवणे त्यांच्या मुठीत गेले आहे. म्हणजे या प्रकरणाला शंभरावर वर्षे झाली आहेत.

आता अलीकडचे बघू. तामिळनाडूने समान अभ्यासक्रमासाठी मोठा लढा दिला. स्टेट बोर्ड, मॅट्रिक्युलेशन, अँग्लो-इंडियन आणि ओरिएंटल असे चार निरनिराळे प्रवाह होते. ते एक करून 'समच्चीर कल्वी' आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ऑगस्ट २०११ मध्ये न्यायालयाने तो अभ्यासक्रम लागू करायला सांगितले. पुस्तक सगळ्यांचे एक झाले. पण त्या पुस्तकाची कोणती पाने प्रत्यक्षात उघडायची, हे मात्र परीक्षाच ठरवत राहिली.

सर्वांत ठळक उदाहरण प्लस वनचे, म्हणजे अकरावीचे. राज्याने २००६ च्या कायद्याने व्यावसायिक महाविद्यालयांची प्रवेश परीक्षा रद्द केली. हेतू चांगला होता. खेड्यातल्या मुलाला शहरातल्या कोचिंगचा खर्च परवडत नाही, तेव्हा प्रवेश बारावीच्या गुणांवरच व्हावेत. पण यातून एक भोक राहिले. बोर्डाची परीक्षा होती ती बारावीची. अकरावीची परीक्षा शाळाच घ्यायची आणि तिचे गुण कुठेच धरले जात नव्हते. मग अनेक खासगी शाळांनी अकरावीचे पुस्तक बाजूला ठेवले. जूनपासूनच बारावीचा अभ्यास आणि तो दोन वर्षे. तेच धडे, तेच प्रश्न, दर आठवड्याला पेपर. कोणत्या धड्यावर किती गुणांचे प्रश्न येणार हे सांगणारी 'ब्लूप्रिंट' होती आणि धड्याखालचे 'बुक बॅक' प्रश्न होते. आमच्या कसोटीच्या भाषेत सांगायचे तर कोणता कोपरा घासणार हे छापूनच मिळत होते. नामक्कल भागातल्या निवासी शाळांना तर लोक 'ब्रॉयलर स्कूल' म्हणू लागले. नामक्कलची कुक्कुटपालनाची ख्याती लक्षात घेतली म्हणजे या शब्दातली बोच कळते.

बाराशेपैकी ११८०, ११९० असे गुण पडू लागले. वर्तमानपत्रांत फोटो झळकले. आणि मग दोन वेळा दागिन्याचा दुसराच कोपरा घासला गेला.

पहिली वेळ 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीची. पंधरा वर्षांच्या मुलांचे वाचन, गणित आणि विज्ञान ती तपासते आणि पाठ केलेले ज्ञान नव्या प्रसंगात वापरता येते का ते पाहते. २००९ च्या फेरीच्या पुढच्या टप्प्यात भारतातून तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये सामील झाली. डिसेंबर २०११ मध्ये निकाल आले, तेव्हा सत्तरहून अधिक देश-प्रदेशांत आपली ही दोन्ही राज्ये तळाशी होती. प्रश्नांची धाटणी मुलांना अपरिचित होती, हे त्यांच्या बाजूने म्हटलेच पाहिजे. पण ही राज्ये शिक्षणात मागासलेली म्हणून निवडली नव्हती, चांगली म्हणून निवडली होती.

दुसरी वेळ २०१७ ची. त्या वर्षी वैद्यकीय प्रवेशासाठी 'नीट' राज्याला लागू झाली. नीटचा अभ्यासक्रम अकरावी आणि बारावी दोन्हींचा. ज्या मुलांची अकरावीची पुस्तके कोरी राहिली होती, त्यांचा अर्धा अभ्यास त्या दिवशी गायब होता. बाराशेपैकी ११७६ गुण मिळवूनही वैद्यकीय प्रवेश हुकलेल्या अरियलूर जिल्ह्यातल्या मुलीची कहाणी आपण सर्वांनी ऐकली आहे. आज सणाचा दिवस, मी तपशिलात जात नाही. नीट असावी की नसावी हा वेगळा वाद आहे आणि तो मोठा आहे. मला इतकेच म्हणायचे आहे की ज्या राज्यात बोर्डाचे गुण इतके भरघोस होते, तिथे दुसऱ्या कोपऱ्याला दगड लागताच एवढा गोंधळ का उडाला, याचे उत्तर त्या कोऱ्या पुस्तकांतही शोधले पाहिजे.

सरकारने त्याच वर्षी उपाय योजले. पहिल्या क्रमांकांची जाहीर यादी मे २०१७ पासून बंद केली. अकरावीलाही सार्वजनिक परीक्षा ठेवली, ती पहिल्यांदा मार्च २०१८ मध्ये झाली. गुण बाराशेवरून सहाशेवर आणले. ब्लूप्रिंट काढून टाकली. २०१८-१९ पासून अकरावीची नवी पुस्तके आली. दिशा बरोबर होती. पण सप्टेंबर २०१८ मध्येच असे ठरले की महाविद्यालयीन प्रवेशासाठी फक्त बारावीचे गुण धरायचे. आणि नीटभोवती काय घडले? न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, राज्यात एमबीबीएसला प्रवेश मिळालेल्यांमध्ये पुन्हा परीक्षेला बसलेल्यांचे प्रमाण २०१६-१७ मध्ये सुमारे १२ टक्के होते, ते २०२०-२१ मध्ये ७१ टक्क्यांवर गेले. म्हणजे एक परीक्षा बदलून दुसरी आणली, तर पाठांतराचे कारखाने बंद पडले नाहीत. त्यांनी फक्त माल बदलला. ज्या घराला आणखी एक-दोन वर्षांची कोचिंगची फी झेपते, ते घर पुढे गेले. सरकारी शाळांतल्या मुलांसाठी २०२० साली साडेसात टक्के राखीव जागांचा कायदा करावा लागला, तो याच कारणाने.

इथे कुणी म्हणेल, बाई, मग लातूर पॅटर्नचे काय? प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे भाचे-पुतणे लातूरला शिकले आहेत. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि त्याचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या नावाशी जोडलेल्या त्या पद्धतीने मराठवाड्यातल्या, कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मुलांना डॉक्टर-इंजिनिअर होण्याचा रस्ता दाखवला. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. सराव वाईट नाही. गायकही रोज तेच पलटे घोटतो. पण पलटे घोटणे म्हणजे मैफल नव्हे. आधी अभ्यासक्रम नीट शिकवून मग सराव, ही एक गोष्ट. शिकवण्याच्या जागी सराव, ही दुसरी. पहिलीतून दुसरी केव्हा होते ते चालवणाऱ्यालाही कळत नाही. महाराष्ट्रात पुढे कॉलेजचे नाव एक आणि शिकवणी दुसरीकडे असे 'इंटिग्रेटेड' प्रकार इतके बोकाळले, की २०१८ मध्ये तिथल्या सरकारला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करावी लागली.

आणि परीक्षाच नको, असेही माझे म्हणणे नाही. परीक्षा गरिबाच्या मुलाचा आधार आहे. जिथे परीक्षा नसते तिथे ओळख चालते, वशिला चालतो. कसोटीचा दगड फेकून दिला तर खरे-खोटे कुणी ठरवायचे? दगड हवाच. दागिना दगडासाठी घडवू नये, इतकेच.

आता हे सारे आजच का सांगते आहे? कारण प्रश्न पुन्हा आपल्या दारात आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याचे शैक्षणिक धोरण जाहीर झाले आणि २०२५-२६ या वर्षापासून अकरावीची सार्वजनिक परीक्षा बंद झाली. मुलांवरचा ताण कमी व्हावा हा त्यामागचा विचार. सलग तीन वर्षे बोर्डाच्या परीक्षा देणारी मुले मी पाहिली आहेत, त्यामुळे त्या विचाराशी मी सहमत आहे. पण २०१७ पूर्वी अकरावी जिथे हरवली होती, ती वाट यामुळे पुन्हा मोकळी झाली. तिच्यावर कोण पहारा देणार? सरकार प्रत्येक वर्गात डोकावू शकत नाही. पहारा पालकांनीच द्यायचा आहे.

ज्यांची मुले यंदा-पुढच्या वर्षी दहावी होणार आहेत, त्यांनी शाळेत प्रवेश घेण्याआधी निकालाचा फलक जरूर पाहावा, पण तेवढ्यावर थांबू नये. चार गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षी अकरावीचा अभ्यासक्रम कोणत्या महिन्यात संपला? अकरावीच्या मुलांना प्रयोगशाळेत स्वतः प्रयोग करू देतात, की वही उतरवून घेतात? तपासलेला पेपर मुलाला परत दाखवून त्याची चूक समजावतात का? वेळापत्रकात भाषा आणि खेळ यांचे तास शिल्लक आहेत का? आणि सर्वांत सोपी खूण म्हणजे तिथल्या एखाद्या बारावीच्या मुलाकडे अकरावीची पुस्तके बघायला मागा. पाने दुमडलेली, पेन्सिलीच्या खुणा असलेली असतील तर निर्धास्त राहा. कोरी करकरीत असतील तर काय समजायचे ते तुम्हाला मी सांगायला नको.

माझ्या शिक्षक सहकाऱ्यांना एकच विनंती. व्यवस्थापनाला निकाल हवा असतो, पालकांनाही हवा असतो आणि मधे आपण भरडले जातो, हे मला पुरते ठाऊक आहे. तरी दर चाचणीत एक प्रश्न असा घाला जो कोणत्याही गाइडमध्ये नाही, पण धडा समजलेल्या मुलाला सुटतो. सुरुवातीला मुले कुरकुर करतात. नंतर त्याच प्रश्नाची वाट पाहतात. शिवाय आपल्यालाही कळते की कोपऱ्यापलीकडे सोने किती आहे.

आपण तंजावरात राहतो, म्हणून एक आठवण करून देते. ज्या सरफोजीराजांचे नाव सरस्वती महालावर आहे, त्यांनी 'देवेंद्र कुरवंजी' नावाचे एक मराठी नाटक रचले. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगत फिरणारी भटकी स्त्री. अशा नाटकात ती सहसा नायिकेला तिच्या प्रियकराची बातमी देते. महाराजांची कुरवंजी जगाचा भूगोल सांगते, तोही गाण्यांतून. त्यांच्या नवविद्याकलानिधि छापखान्यातून १८०६ साली 'बालबोध मुक्तावली' हे इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक निघाले. भूगोल कळावा म्हणून नाटक, वाचनाची गोडी लागावी म्हणून गोष्टी. पुढे कुठला पेपर होता म्हणून हे केलेले नाही. आधी काय शिकवायचे ते ठरवले, मग ते कसे गळी उतरेल ते शोधले. अभ्यासक्रम शिकवणे म्हणजे याहून वेगळे काय असते?

दुसरे उदाहरण आपल्या घरातच आहे. व्यंकोजीराजांबरोबर १६७५ च्या सुमारास जी मराठी या कावेरीकाठी आली, ती इथल्या जुन्या कुटुंबांत आजही बोलली जाते. उत्तरेकडून नव्याने आलेल्या आपल्याला तिची गंमत वाटते, पण ती साडेतीनशे वर्षे टिकली ती गुणपत्रिकेसाठी नव्हे. आजी नातवाशी बोलली, नातू त्याच्या नातवाशी बोलला. उद्या आपल्या घरात 'मराठीला मार्क नाहीत, मग कशाला?' असे कुणी म्हटले, तर त्याला हे सांगा. ज्याला मार्क नाहीत ते सोडायचे ठरवले, तर पहिल्यांदा घरातली भाषा जाते, मग गाणे, मग चित्र आणि शेवटी कुतूहल.

शेवटी मंडळाला एक सूचना करते, रागावू नये. सरकारने क्रमांकांची जाहिरात २०१७ मध्ये थांबवली, पण आपल्या मंडळांच्या स्मरणिकांत टक्केवारीसह फोटो येतच राहिले आणि सत्काराचा क्रमही टक्क्यांवरच ठरत राहिला. सत्कार बंद करा असे मी म्हणत नाही. शाल-श्रीफळ मुलांना जरूर द्या, मेहनत त्यांनी केलीच आहे. फक्त पुढच्या वर्षी प्रत्येक सत्कारमूर्तीला तीन मिनिटे द्या. वर्षभरात शिकलेली, मनापासून कळलेली कोणतीही एक गोष्ट त्याने आपल्याला समजावून सांगावी. मराठीत सांगो, तमिळमध्ये सांगो. साठ टक्केवालाही सांगू दे आणि सत्त्याण्णव टक्केवालाही. ऐकणाऱ्या आपल्याला कळले, की त्याला आले.

मुलांनो, तुम्हाला वर्षभर वेळ आहे, आजपासूनच विषय शोधायला लागा. आणि आई-बाबांनो, मुलगा शाळेतून आला की 'किती मार्क पडले?' हे जरूर विचारा. पण त्याच्या आधी 'आज काय कळले?' हे विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्षातून चार-दोनदा मिळते. दुसऱ्याचे रोज मिळायला हवे. ते मिळेनासे झाले की समजा, शाळेत शिकवणे थांबले आहे आणि फक्त परीक्षा चालू आहे.

सर्वांना सद्बुद्धी आणि मुलांना खरी विद्या लाभो, एवढे श्रीचरणी मागून माझे दोन शब्द संपवते.

गणपती बाप्पा मोरया!